मधलं पीठ

माझ्या ताईने आयुष्यात एकही चूक केलेली नाही. हे मी म्हणत नाही, तीच म्हणते. फळीवर बरण्या रचल्या आणि फळी खाली आली, तर भिंत वाकडी असते. यंत्राचा पट्टा उलटा चढवला आणि यंत्र घरघरत बंद पडलं, तर वीज कमीजास्त आलेली असते. मला सर्दी झाली तर मी केस नीट पुसलेले नसतात, आणि मला टक्कल आहे हे तिला सांगून उपयोग नसतो. माझ्या डोक्यावर तिने लहानपणापासून मिरे वाटले आहेत. आता तर तिच्याकडे मिरे वाटायचं यंत्रच आहे.

यंत्र म्हणजे मसाले दळायची गिरणी. बाजाराच्या मागच्या गल्लीत, शिंपी आणि सायकलवाला यांच्या मधे. पुढे वजनकाटा आणि लाकडी बाक, मधल्या खोलीत यंत्र, मागे पोती आणि एक शेगडी. भिंती मूळच्या कुठल्या रंगाच्या होत्या ते आता कोणी सांगू शकणार नाही. कमरेपर्यंत त्या हळदीच्या आहेत आणि वर मिरचीच्या. गिरणी भाऊजींनी काढली. ते अचानक गेले तेव्हा सगळे धरून चालले होते की ताई यंत्र विकून टाकेल. ताईने नाकातोंडाला फडकं बांधलं, केस टोपीत कोंबले आणि लोकांची अडलेली दळणं काढायला सुरुवात केली. पुढे मी नोकरीतून मोकळा झालो तेव्हा म्हणाली, "घरी बसून गंजशील. जरा माझ्या हाताखाली ये." ते 'जरा' अजून संपलेलं नाही. मी चाळणीवर असतो, आणि चाळताना माझं मनगट कसं चुकतं हे मला रोज ऐकायला मिळतं.

मॅनेजर माझ्यानंतर आला, पण मान त्याला जास्त. मॅनेजर म्हणजे कुत्रा. अंगाने तांबूस, एक कान कायम दुमडलेला. एका सकाळी उंबऱ्याशी येऊन बसला आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळायला लागला, तेव्हा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "ताई, नवा मॅनेजर ठेवलात का?" नाव चिकटलं आणि कुत्राही चिकटला. मिरचीचं दळण सुरू झालं की तो आपणहून उठायचा, शेजारी सायकलवाल्याकडे जाऊन पडायचा आणि धूळ बसली की परत यायचा. एवढी अक्कल मला नाही, असं ताईचं म्हणणं.

ताईला मूलबाळ नाही. त्याबद्दल ती बोलत नाही आणि मीही कधी विषय काढत नाही. पण मॅनेजरच्या मानेवरून हात फिरवताना ती ज्या आवाजात बोलते, तो आवाज मी माझ्या वाट्याला कधी आलेला ऐकला नाही. भाऊजींच्या वाट्याला तरी आला होता का, कोण जाणे.

कुत्रा आला तशी ताई कुत्र्यांची जाणकारही झाली. तिला शिकवलं कोणी? कोणीही नाही. तिने स्वतःच एक कसोटी शोधून काढली. काय असेल ते चिमूटभर आपल्या जिभेवर ठेवायचं. झोंबलं तर कुत्र्याला वाईट, नाही झोंबलं तर चांगलं. संपलं शास्त्र. गिऱ्हाइकंही अशी की डॉक्टर सोडून हिला विचारायची. कुत्र्याला हळद चालते का? "चालते. थोडीच." जिरं, धणे? "चिमूटभर खुशाल." मिरी? "तुला जीभ आहे ना? ती काय म्हणते?" जायफळ? "ते कुठे झोंबतं. झोप छान लागेल त्याला." यातलं बरंचसं बरोबर होतं, हीच खरी अडचण. सगळंच चुकत असतं तर लोकांनी केव्हाच ऐकायचं सोडून दिलं असतं, आणि मीही जरा सुखाने जगलो असतो.

आता मधल्या पिठाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते त्याच्यापायी. एकाची मिरची दळून झाली की दुसऱ्याचे धणे लगेच त्याच यंत्रात टाकता येत नाहीत. धणे तिखट होतात आणि गिऱ्हाईक अंगावर येतं. म्हणून दोन दळणांच्या मधे ओंजळभर तांदूळ यंत्रातून काढायचे. आत चिकटून राहिलेला आधीचा मसाला तांदळाबरोबर बाहेर पडतो आणि यंत्र साफ होतं. हे जे पीठ निघतं त्याला आम्ही मधलं पीठ म्हणतो. बाकीचे गिरणीवाले ते फेकून देतात. ताईला अन्न फेकलेलं खपत नाही. मिरचीमागून आणि मिरीमागून निघालेलं पीठ मात्र ती कचऱ्यात घालायची, तेही स्वतःच्या हाताने, माझा भरवसा नाही म्हणून. उरलेलं जिभेवर ठेवून बघायची आणि झोंबलं नाही तर एका मोठ्या डब्यात ओतायची. संध्याकाळी त्यातलं वाडगाभर पाण्यात शिजवायचं, गार करायचं आणि मॅनेजरपुढे ठेवायचं. धणे, जिरं, हळद यांच्यामागून निघालेलं पीठ तो वर्षानुवर्षं खात आला आणि मस्त टुणटुणीत राहिला.

मग चिप्सवाला आला. बटाट्याचे चिप्स तळून पाकिटात भरायचा त्याचा कारखाना. त्याला वाळवलेला कांदा आणि लसूण दळून हवा होता, पोत्यांनी, आणि रोजच्या रोज. ताई खूश झाली. मला काम वाढलं एवढंच कळलं. कांदा वाळवलेला असला तरी हवेतला ओलावा धरतो आणि यंत्राच्या आत थर होऊन बसतो. तो काढायला ओंजळ पुरत नाही, तांदूळ भांड्याने ओतावे लागतात. त्यामुळे मधलं पीठही भरमसाट निघू लागलं. ताईने पहिल्याच दिवशी ते जिभेवर ठेवलं, मान डोलावली आणि म्हणाली, "जरासुद्धा झोंबत नाही. उलट चव आहे."

चव होती यात वाद नाही. मॅनेजर वाडगा चाटत चाटत तो खोलीभर ढकलत न्यायचा. पीठ एवढं साठायला लागलं की ताईने त्याच्या पुड्या बांधल्या आणि कुत्री पाळणाऱ्यांना फुकट वाटायला घेतल्या. त्याला ती खुराक म्हणायची. शिंप्याच्या बायकोने नेल्या, पाववाल्याने नेल्या, पलीकडच्या गोदामाच्या म्हाताऱ्या रखवालदाराने नेल्या. सगळे तिला दुवा देत होते आणि ती तो दुवा जागच्या जागी स्वीकारत होती.

मॅनेजरचं बिनसलंय हे मला मिरचीमुळे कळलं. दळण सुरू झालं, सगळी खोली लाल झाली, आणि तो जागचा हललाच नाही. तिथेच पडून शिंकत राहिला. मी ताईला दाखवलं. ताई म्हणाली, शिंप्याने त्याला बिस्किटं घातली असणार. शिंप्याने शपथेवर सांगितलं की घातली नाहीत. मग सायकलवाल्याकडचं ग्रीस चाटलं असणार. मग माझ्या चाळणीतून काहीतरी सांडलं असणार. "मिरचीच्या वेळी दार कोण उघडं टाकतं?" असं मला सगळ्या गिऱ्हाइकांदेखत विचारून झालं. दार तीच उघडं ठेवते, धूळ कोंडते म्हणून, पण तिच्यापुढे मी केव्हाच हात टेकलेत.

एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण त्याला अशक्तपणा आलाय असं ठरवून तिने खुराक वाढवला. संध्याकाळच्या जोडीला सकाळीही एक वाडगा. तो खाईना तेव्हा मांडीवर डोकं घेऊन भरवू लागली.

मी म्हटलं, "डॉक्टरकडे नेऊ या."

"डॉक्टरला काय कळतंय पोटातलं? मी रोज चव घेऊन देते."

"तुझ्या पोटात काय आहे ते तुला कळत असेल. त्याच्या कसं कळणार?"

"तू चाळ," ताई म्हणाली.

मग त्याची लघवी चहाच्या रंगाची व्हायला लागली. बाकावरून उठून उंबऱ्यापर्यंत जाताना तो मधेच बसला आणि धापा टाकू लागला. तेव्हा मात्र मी चाळणी खाली ठेवली, सायकलवाल्याची हातगाडी ओढत आणली आणि मॅनेजरला उचलून तिच्यात घातलं. ताई कमरेचं फडकं न सोडताच शेजारून चालू लागली, आणि मी गाडी प्रत्येक खड्ड्यात कशी घालतो हे दवाखान्याच्या दारापर्यंत सांगत राहिली. तिचा एक हात मात्र सगळा वेळ त्याच्या पाठीवर होता.

प्राण्यांची डॉक्टर वयाने लहान होती. तिने मॅनेजरचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्या पांढऱ्याफटक होत्या. तिने रक्त काढलं, आतल्या खोलीत जाऊन तपासून आली आणि समोर बसली.

"मावशी, याला खायला काय देता?"

"मावशी नाही. मला सगळे ताई म्हणतात."

"बरं, ताई. खायला काय देता?"

"तांदळाचं पीठ, शिजवून. त्यात मीठसुद्धा घालत नाही."

"मसाले?"

"माझी मसाल्याचीच गिरणी आहे. याच्या तोंडात एक कण जाऊ देत नाही."

"कांदा? लसूण? कच्चा, शिजलेला, कसाही?"

"कुत्र्याला कांदा कोण घालतं?" ताई म्हणाली. "कधीच नाही."

ती खोटं बोलत नव्हती, हे मी आजही कोणालाही सांगेन. तिच्या हिशेबी यंत्रात वरून जे टाकलं तेच खाली पडतं. तांदूळ टाकले म्हणजे तांदळाचं पीठ. कांदा हा चिप्सवाल्याचा माल, तो पोत्यात भरून त्याच्याकडे गेला. मधलं पीठ म्हणजे साफसफाई. साफसफाईत कांदा असतो हे तिच्या डोक्यात कुठल्याच कप्प्यात बसत नव्हतं.

डॉक्टरने मान हलवली. "याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटताहेत. कांदा-लसूण खाल्ल्यावर असंच दिसतं. ते नसेल तर मग शरीर स्वतःचंच रक्त मारतंय असं धरावं लागेल. त्याची औषधं वेगळी असतात, आणि जड असतात. याला ती कितपत झेपतील सांगता येत नाही, पण सुरू करते." आणि ती उठली.

मी ताईकडे पाहिलं. ती मॅनेजरचा दुमडलेला कान सरळ करत होती. ती काही बोलणार नव्हती, कारण बोलण्यासारखं काही आहे हेच तिला माहीत नव्हतं. आणि तिला खोटं पाडायची हिंमत आजवर भाऊजींनाही झाली नव्हती.

"डॉक्टर," मी म्हटलं, "ते तांदूळ कांद्यामागून दळलेले असतात."

"तुला कोणी विचारलं?" ताई म्हणाली.

"कांद्यामागून म्हणजे?" डॉक्टर थांबली.

मी यंत्र सांगितलं, थर सांगितला, भांड्याने ओतलेले तांदूळ सांगितले, डबा सांगितला. सांगताना माझा आवाज चढला होता. त्या पिठाचा वास माझ्या हातांना येतो आणि साबणाने धुतले तरी जात नाही, हेही सांगितलं. डॉक्टरने माझा हात धरून सरळ नाकाशी नेला आणि सोडून दिला.

"पण ते झोंबत नाही," ताई म्हणाली. "मी स्वतः चाखते."

"ताई, झोंबणं वेगळं आणि विष वेगळं. मिरचीने त्याचं तोंड पोळेल, पोट बिघडेल, दोन दिवसांत तो सावरेल. धणे, जिरं, हळद थोडी पोटात गेली तर काही होत नाही. कांदा-लसूण आपल्याला चालतो, कुत्र्याच्या रक्ताला चालत नाही. आणि वाळवलेला तर फार वाईट. त्यातलं पाणी उडालेलं असतं, मूठभर भुकटी म्हणजे ढीगभर कांदे."

"आणि जायफळ?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

"अजिबात नाही. झटके येऊ शकतात. कोणी सांगितलं तुम्हाला जायफळ?"

मी छताकडे बघत राहिलो. ताई स्टुलावर बसली. बसताना तिने स्टूल कुठे आहे ते पाहिलंसुद्धा नाही.

"वाचेल का?" तिने विचारलं. उत्तर आधीच ठरवलेलं नाही असा प्रश्न मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो.

"ठेवून घेते. सलाइन लावते, कदाचित रक्तही द्यावं लागेल. ते पीठ बंद झालं हेच मोठं औषध आहे." मग डॉक्टरने विचारलं, "हे पीठ आणखी कोणाच्या कुत्र्याला दिलंय?"

त्या दिवशी यंत्र बंद राहिलं. आम्ही दोघं दारोदार फिरलो. मला वाटलं होतं ताई काहीतरी सारवासारव करेल, तांदूळ जुना निघाला वगैरे. तिने तसं केलं नाही, पण चुकलं असंही म्हणाली नाही. "ते पीठ घालू नका, परत द्या, कुत्रं डॉक्टरला दाखवा," एवढंच, तेही असं की जणू समोरच्यानेच काही आगाऊपणा केलाय. शिंप्याचं कुत्रं मलूल होतं, पण वेळेत सापडलं. पाववाल्याच्या कुत्र्याने ते पीठ हुंगून सोडलं होतं. गल्लीत तेवढंच एक शहाणं निघालं. डबा ताईने स्वतः नेऊन ओतला.

मॅनेजरला रक्त द्यावं लागलं. तीन-चार दिवस तो मान उचलत नव्हता. ताई दवाखान्याच्या बाकावर बसून असायची आणि मी गिरणीत एकटा. इतकी वर्षं मी शांततेची वाट बघत होतो, आणि ती मिळाल्यावर मला कोणाचं काय दळलं ते आठवेना. एकाच्या दालचिनीत दुसऱ्याचं जिरं गेलं. मग एका सकाळी ताईने निरोप पाठवला की त्याने वाडगा ढकलला.

तो घरी आला त्या दिवशी ताईने त्याला मागच्या खोलीत पोत्यावर झोपवलं, कमरेचं फडकं सोडून खुंटीला लावलं आणि म्हणाली, "चल."

"कुठे?"

"गोदामावर."

आता माझं डोकं फिरलं. गोदामाच्या रखवालदाराची कुत्री महिन्यापूर्वीच गेली होती. लहानशी, पांढरी, म्हातारी. ती गेली तेव्हा ताई स्वतः जाऊन त्याच्याजवळ बसून आली होती. वय झालं होतं तिचं, असं सांगून आली होती. म्हाताऱ्याला ते पटलंही होतं. बाकी सगळीकडे आम्ही गेलो होतो ते कुत्री वाचवायला. इथे वाचवायचं कोणाला?

"तिथे जाऊन काय करणार आहेस?" मी म्हटलं. "पीठ परत घ्यायचं नाही, औषध सांगायचं नाही. वयाने गेली असं मानून बसलाय, बसू दे की. आणि ती पिठानेच गेली कशावरून?"

"मी डॉक्टरला विचारलं. हिरड्या कशा होत्या, लघवी कशी होती, म्हाताऱ्याने तेव्हा सांगितलेलं सगळं सांगितलं. बहुधा तेच, म्हणाली."

"बहुधा."

"तू चाळणीवर बस. मी एकटी जाते."

एकदा डोक्यात घेतलं की ऐकेल तर शपथ. मी पाय आपटत तिच्या मागून गेलो. वाटेत तिला सगळं पुन्हा सांगितलं, वेगवेगळ्या शब्दांत. ती पुढे चालत राहिली.

रखवालदाराला आम्हाला पाहून बरं वाटलं. त्याने फाटकाजवळची खुर्ची बाहीने पुसली आणि ताईला बसा म्हणाला. ताई बसली नाही. खुर्चीखाली एक रिकामी ताटली अजून होती.

"तुमचे फार उपकार आहेत, ताई," तो म्हणाला. "शेवटी शेवटी दुसरं काही तोंडात घेत नव्हती. तुमचं पीठ तेवढं घ्यायची. तेही बोटाने भरवलं तर. मी आपला बसून भरवायचो."

मी पटकन म्हटलं, "चला, निघतो आम्ही. सहज आलो होतो."

"सहज नाही आलो," ताई म्हणाली. "त्या पिठात कांदा-लसूण होता. कुत्र्यांना तो विष असतो. मला माहीत नव्हतं, आणि मी कोणाला विचारलंही नाही. तुमची वयाने गेली नाही. माझ्या पिठाने गेली. माझी चूक झाली."

आयुष्यभर मी ते शब्द तिच्या तोंडून ऐकायची वाट पाहिली होती. फळ्यांसाठी, पट्ट्यासाठी, माझ्या मनगटासाठी. आता ते आले तेव्हा मला तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

म्हाताऱ्याने बाही पुन्हा एकदा खुर्चीवरून फिरवली. मग त्याने विचारलं, "तुमचा होता ना एक, दारात बसायचा?"

"वाचला. आज घरी आणला."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं. मग त्याने आपला उजवा हात वर करून बोटांकडे पाहिलं.

"म्हणजे मीच भरवलं की तिला."

"नाही हो. मी दिलं होतं. तुम्हाला काय माहीत," ताई म्हणाली.

"नको म्हणायची ती. तोंड फिरवायची. मीच धरून भरवायचो." त्याने हात खाली घेतला आणि धोतराला पुसला. "कशाला सांगितलंत, ताई?"

ताईकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं. मी तिच्याकडे पाहत थांबलो. म्हातारा खुर्चीत बसला, खाली वाकून त्याने ती ताटली उचलली आणि मांडीवर ठेवली. ताई तिथेच उभी राहिली, आणि निघू या असं म्हणायचं मला काही सुचलं नाही.